सुट्टीत पिकलेला वाटाणा

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आले ती वर्गाआधी परसबागेकडेच वळले. गुंठाभर वाटाणा शेंगांनी लगडला होता. पण खालच्या शेंगा जून, काही तर पिवळ्या पडून सुरकुतलेल्या. सुट्टी लागली तेव्हा याच शेंगा चपट्या होत्या.

चूक माझीच. गणपती झाल्यावर अर्केल या लवकर येणाऱ्या जातीचा किलोभर वाटाणा एकाच दुपारी मुलांकडून टोकून घेतला होता. साठ-पासष्ट दिवसांत तो तोडणीला येतो, म्हणजे नेमका सुट्टीत. आमचा पुरंदर तालुकाच वाटाण्याचा, चौथीतल्या पोरालाही हे कळलं असतं. पण बाईंना सांगणार कोण?

खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एक वेल उचलून दाखवला. शेंड्याला दोनच फुलं. "बाई, शेंगा अंगावर जून झाल्या की वेल फुलायचा थांबतो. आज सगळं उतरवा, मग पाणी द्या."

त्या दिवशी गणिताचा तास वाफ्यातच झाला. तोडणी झाली अडतीस किलो. पिवळ्या शेंगा बियाण्याला बाजूला ठेवल्या. बाकीच्या सोलायला बासष्ट मुलं पोत्यांवर बसली आणि दुपारपर्यंत चौदा किलो दाणे निघाले. मध्ये किती तोंडात गेले, ते वेगळं. ताजा वाटाणा गोड असतो तो साखरेमुळे. तोडून ठेवला की त्या साखरेचा स्टार्च होत जातो, उन्हात जास्तच झपाट्याने. म्हणून उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता.

मावशींच्या मोठ्या पातेल्यात थोडे थोडे दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात ओतायचे, असा क्रम लावला. हे टाळलं तर फ्रीजरमध्येसुद्धा दाण्याचा रंग आणि चव उतरते. मग मला एक युक्ती आठवली. बादलीत दहा लिटर पाण्याला किलोभर मीठ विरघळवून त्यात गार झालेले दाणे सोडले. कोवळे तरंगले, स्टार्च भरलेले जून बुडाले. पोरं खूश! मग प्रत्येकाला आपापली मूठ सोडून बघायची होती, त्यात अर्धा तास गेला. बुडालेल्या दाण्यांची उसळ झाली. तरंगणारे चाळणीत धुऊन पिशव्यांत भरले.

शाळेत फ्रीज नाही. गावातल्या आइसक्रीमवाल्याचा डीप फ्रीजर थंडीत निम्मा रिकामा असतो, तो त्याने आनंदाने दिला. बर्फही त्याचाच. घाईत आम्ही दाणे ओलेच भरले होते. पुढच्या आठवड्यात पिशवी काढली तर वाटाण्याची वीटच! मावशींनी ती लाटण्याने फोडली. उरलेल्या पिशव्यांचंही तेच. दाणे आधी फडक्यावर कोरडे करून ताटात पसरून गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे, हे त्या विटेने शिकवलं.

टरफलं एका मुलाच्या शेळ्यांनी संपवली. वेलांना पाणी दिलं, शेंडे पुन्हा फुलले, पण भुरी रोगाने गाठायच्या आत जेमतेम सहा किलो मिळाला.

यंदा तीन वाफे केलेत, बारा-बारा दिवसांच्या अंतराने. शेवटच्यात उशिरा येणारी बोनव्हिले जात आहे. सुट्टीत दिवसाआड कोणी तोडायचं त्याची यादी पोरांनीच लिहून फळ्याशेजारी चिकटवली आहे. पहिलं नाव माझं.