नवा लॅपटॉप, कोपायलटचं बटण आणि पक्षकारांची कागदपत्रं

माझी वकिली साताऱ्यात, आणि कामं जवळजवळ सगळी कौटुंबिक. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवर दिवसभर जे उघडलेलं असतं, ते माझं नसतंच. कुणाच्या पगाराच्या स्लिपा, कुणाच्या मानसोपचाराच्या फायली, कुणाच्या नवऱ्याने रात्री दोन वाजता पाठवलेले मेसेज. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपला विंडोज ११ चालेना, कारण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती. म्हणून नवा लॅपटॉप घेतला. 'कोपायलट प्लस'चा, म्हणजे एआयसाठी बनवलेल्या मशीनचा स्टिकर, आणि कीबोर्डवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं वेगळं बटण.

दुकानदाराने तो 'रेडी करून' दिला. म्हणजे सुरुवातीला कॉम्प्युटर जे प्रश्न विचारतो, त्या सगळ्यांना त्याने माझ्या वतीने 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणून टाकलं. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, त्याचाही नाइलाज. पण कुणी न वाचता सही केलेला करारनामा घेऊन माझ्यासमोर बसलं की मी जे करते, तेच इथे केलं. एका शनिवारी ऑफिस बंद ठेवून पहिल्या कलमापासून वाचायला बसले.

सुरुवात रिकॉलपासून केली, कारण धास्ती त्याचीच होती. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ही सोय जाहीर केली. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार, आणि पुढे कधी तुम्ही 'तो निळ्या रंगाचा तक्ता कुठे पाहिला होता' असं विचारलंत की शोधून देणार. केव्हिन बोमाँट या सायबर सुरक्षेच्या जाणकाराने लगोलग दाखवून दिलं की त्या फोटोंमधला मजकूर साध्या डेटाबेसमध्ये, सहज वाचता येईल असा पडून आहे. बरीच ओरड झाली, ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने विचारणा केली, जूनमध्ये येणारी सोय लांबणीवर पडली. कोपायलट प्लस मशीनवर ती सर्वांसाठी आली एप्रिल २०२५ मध्ये, आणि तीही बदलून. आता आपण होऊन चालू केल्याशिवाय ती चालू होत नाही. फोटो एनक्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन, त्याच मशीनवर राहतात, बघायला चेहरा, बोट किंवा पिन लागतो, आणि ते कंपनीकडे जात नाहीत असं मायक्रोसॉफ्ट सांगते.

हे सगळं वाचून एखाद्याचं समाधान होईल. माझं झालं नाही, आणि त्याचं कारण मायक्रोसॉफ्ट नाही, आमची ऑफिसं आहेत. कोर्टात पुकारा झाला की मी पळते, आणि मागे टायपिस्टला अर्ज पूर्ण करायचा असतो, ज्युनिअरला ई-फायलिंग. वकिलाच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा पिन म्हणजे कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं खातं, सगळ्यांच्याच नावावर चालतं. कुलूप कितीही चांगलं असलं तरी ते पिनने उघडणार असेल, तर पिन कितीजणांना माहीत आहे हा पहिला प्रश्न. आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींच्या घरी नवऱ्याला बायकोच्या मशीनचा पिन माहीत नसतो?

शिवाय वकील म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. जे साठवलेलं आहे, ते आज ना उद्या कुणीतरी मागतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं लागतं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहायच्या आकड्यासकट. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं त्याच अधिनियमाच्या कलम १३२ खाली संरक्षित आहे हे खरं, पण ते संरक्षण सांगायची वेळ येते ती कागद दुसऱ्याच्या हातात जायला निघाल्यावर. फोटोच नसेल तर युक्तिवादच नको.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' असं पान आहे. तिथे पाहिलं तर फोटो जमवणं बंदच होतं. जीव भांड्यात पडला. तरी तेवढ्यावर ठेवलं नाही. स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधलं, यादीत रिकॉलसमोरची खूण काढली, मशीन रीस्टार्ट केलं. आता चुकून कुणाच्या हातून चालू होण्याचा प्रश्न नाही.

मग कोपायलट. इथे मला एक फरक लक्षात ठेवावा लागला, आणि तो कळला की बाकीचं सोपं जातं. रिकॉलचं भांडार आपल्या मशीनवर असतं. कोपायलट अ‍ॅपशी केलेलं बोलणं मात्र कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथे राहतं. वैयक्तिक खात्यावरच्या गप्पा, तुम्ही पुसल्या नाहीत तर, अठरा महिने ठेवल्या जातात असं त्यांच्याच प्रश्नोत्तरांत लिहिलं आहे. अ‍ॅपच्या प्रायव्हसीच्या पानावर एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर वापरण्याचं एक बटण आहे, आवाजाचं दुसरं, आणि तुमच्याबद्दलच्या गोष्टी लक्षात ठेवण्याचं आणखी एक. मी तिन्ही बंद केली, इतिहास पुसला, आणि मग अ‍ॅपच अनइन्स्टॉल केलं. साध्या अ‍ॅपसारखं निघतं. कीबोर्डवरचं बटण उरलं, त्याला सेटिंग्जमधल्या 'टेक्स्ट इनपुट'मधून सर्चचं काम लावून दिलं.

ज्युनिअरला हे फारसं पटलं नाही. "मॅडम, निकालपत्राचा सारांश दोन मिनिटांत मिळतो," असं तिचं म्हणणं. चूक नाही. प्रकाशित निकालाचा सारांश कुठेही काढा, तो सार्वजनिकच आहे. पण आपल्या पक्षकाराचा उलटतपास तिथे चिकटवायचा नाही, एवढी रेघ आम्ही ओढली. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यातही क्लाउडवरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या साधनांबद्दल हाच इशारा आहे: पक्षकारांची माहिती बाहेर जाते. धोरण आपल्यासाठी नाही, वकिलांना ते बंधनकारक नाही, असं तिने बरोबर दाखवून दिलं. पण न्यायाधीशांच्या टेबलावर जे चालत नाही ते माझ्या टेबलावर का चालावं?

वर्डने जास्त वेळ खाल्ला. आमच्या बारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो की तुमच्या वर्डच्या फायली कंपनी एआय शिकवायला वापरते, अमुक बटण ताबडतोब बंद करा. ते बटण म्हणजे 'कनेक्टेड एक्सपीरियन्सेस', वर्डमधल्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सोयी. ही सोय एआयची लाट यायच्या आधीपासूनची आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ही आवई जगभर उठली तेव्हा ग्राहकांच्या फायलींवर आम्ही मॉडेल शिकवत नाही असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला होता. म्हणजे मेसेज जसाच्या तसा खरा नव्हे. पण मजकूर सर्व्हरवर जाऊन प्रक्रिया होऊन परत येतो, हे त्या सोयींच्या बाबतीत खरंच आहे. बोलून टाइप करायची सोय त्यातच येते, आणि माझी खरी अडचण तिथे होती. माझं मनगट दुखतं. साध्या नोटिसा मी बोलूनच लिहिते.

सगळं बंद करून शूर व्हावं असं मला वाटलं नाही. वर्डमधला कोपायलट 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन बंद केला, तेवढी एक खूण काढली की झालं. कनेक्टेड एक्सपीरियन्सेस चालू ठेवले. मात्र इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालणारी प्रकरणं, लहान मुलांची जबानी आणि वैद्यकीय अहवाल यांचं काहीही बोलून टाइप करायचं नाही, ते टायपिस्टने हाताने करायचं. भाड्याच्या करारनाम्याने मात्र खुशाल सर्व्हरची वारी करावी.

'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक' या पानाकडे बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तिथेच सापडली. विंडोज स्वतःबद्दलची माहिती कंपनीला पाठवत असते, तिचे दोन प्रकार: आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक प्रकार होम किंवा प्रो आवृत्तीत बंद करता येत नाही. ऐच्छिक प्रकार दुकानदाराच्या कृपेने चालू होता. त्यात काय जातं हे कंपनीनेच लिहून ठेवलं आहे, आणि लेखी कबुली वाचायची मला सवय आहे. एखादा प्रोग्राम कोसळला तर त्या क्षणाची मेमरी पाठवली जाऊ शकते, आणि तीत तुम्ही उघडलेल्या फायलीचा भाग नकळत असू शकतो. नकळत! म्हणजे पोटगीच्या अर्जात वर्ड अडकलं, तर त्यातल्या चार ओळी कुठेतरी जाऊ शकतात, कुणाचाच हेतू नसताना. ते बंद केलं. त्याच रांगेत जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक आणि 'टेलर्ड एक्सपीरियन्सेस', म्हणजे आपल्या वापरावरून दिलेल्या सूचना आणि जाहिराती, होते, तेही बंद. काय काय जातं ते बघायला एक व्ह्यूअर दिलेला आहे. मी तो उघडला. कंसांच्या आणि आकड्यांच्या रांगा. पारदर्शकता म्हणायची तर आहे, पण काचेपलीकडे काय चाललंय ते कळायला इंजिनिअर लागतो.

हे करताना एक गोष्ट मनात पक्की झाली. प्रत्येक पानावर मशीन विचारतं, 'तुमची परवानगी आहे का?' आणि मी हो किंवा नाही म्हणते. पण ज्यांची माहिती आहे ती माणसं त्या खोलीतच नसतात. वडूजच्या कुणा बाईने स्वतःच्या लग्नाची गोष्ट मला सांगितली, ती माझ्या दुकानदाराच्या 'अ‍ॅक्सेप्ट'वर का विसंबावी? कायदाही तपासला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बहुतेक बंधनांतून सूट देतो. बारमध्ये हे कलम लोक आनंदाने सांगतात. त्याच कलमातला अपवाद कुणी सांगत नाही: कलम ८ (५) ची, माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सुटलेली नाही. ती मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. तालुक्याच्या वकिलाला कुणी २५० कोटींचा दंड करणार नाही, हे मलाही कळतं. पण 'मला सूट आहे' हे वाक्य पूर्ण नाही.

माझ्या मशीनपुरतं झालं. पण मी मेलने पाठवलेला मसुदा उच्च न्यायालयातल्या वकिलांच्या लॅपटॉपवर उघडतो. तिथे रिकॉल चालू असेल तर माझी सगळी मेहनत तिथे संपते. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवाल्यांनी हेच ओळखलं. मे २०२५ मध्ये त्यांनी विंडोजवरच्या आपल्या अ‍ॅपमध्ये, सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये चोरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून जी युक्ती असते तीच वापरली, त्यामुळे त्यांची खिडकी फोटोत येतच नाही. नाजूक निरोप आम्ही आता तिथे पाठवतो. मुंबईच्या सरांना मी फोन करून सरळ विचारलं, "सर, तुमच्या लॅपटॉपवर रिकॉल आहे का?" ते हसले, मग म्हणाले, "बघतो." संध्याकाळी त्यांच्या ज्युनिअरचा फोन आला, कुठे बघायचं ते विचारायला.

पिनचं काय केलं तेही सांगते. टायपिस्टचं आणि ज्युनिअरचं वेगळं खातं उघडलं, प्रत्येकीला तिच्या कामाचे फोल्डर. पहिले दिवस 'मॅडम, फाइल दिसत नाहीये' यातच गेले. मोठा अपडेट आला की टायपिस्ट ही सगळी पानं पुन्हा उघडून बघते आणि डायरीत तारीख टाकते.

आणि नव्या पक्षकाराच्या पहिल्या भेटीत मी आता एक प्रश्न जास्त विचारते. लग्नाचा दाखला, आधार, मुलांच्या शाळेचे कागद झाले की विचारते, "घरचा कॉम्प्युटर कुणाच्या खात्याने उघडतो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "यांच्याच." मग मी सांगते की आपल्या कामाचं काहीही त्यावर उघडायचं नाही, शोधायचं नाही, तिथल्या कोणत्याही मदतनिसाला काही विचारायचं नाही. एकीने विचारलं, "मग प्रश्न पडला तर कुणाला विचारू?" तिला ऑफिसचा लँडलाइन नंबर लिहून दिला.