केस रिपोर्टचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट: दोनशे शब्दांत रुग्ण दिसायला हवा

वॉर्डात एक रुग्ण आहे, निदान बसत नाही, म्हणून निवासी डॉक्टर रात्री पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची चाळतोय. तुमचा केस रिपोर्ट, म्हणजे एका रुग्णाची हकिगत मांडणारा लेख, समोर येतो. पूर्ण लेख विकत घ्यावा लागत असेल, तर त्याला मिळतो तो फक्त लेखाचा सारांश, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. ‘हे माझ्या रुग्णासारखं आहे का?’ हे त्याला त्यावरूनच कळलं पाहिजे.

म्हणूनच ‘एक दुर्मीळ आणि रंजक केस’ ही सुरुवात वाया जाते. वेगळेपण नेमकं कशात, ते पहिल्या दोन वाक्यांत सांगा. विंचूदंशाचं उदाहरण घेऊ. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याच्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामानंतर ‘प्राझोसिनने गुण आला’ यात नवं काही उरलेलं नाही. पण दंश कोणीच पाहिला नव्हता आणि मूल न्यूमोनिया समजून दाखल झालं, हे मात्र सांगण्यासारखं आहे.

केस रिपोर्ट कसा लिहावा हे सांगणाऱ्या 2013 च्या केअर (CARE) मार्गदर्शक सूचनांनुसार अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये नवेपणा, मुख्य तक्रारी व तपासणीतल्या खुणा, निदान, उपचार, परिणाम आणि शेवटी धडा एवढं यायला हवं. 200 शब्दांची मर्यादा असेल तर नवेपणाला 35, धड्याला 30 आणि उरलेले सगळे रुग्णाला द्या. शब्दमर्यादा व उपशीर्षकं प्रत्येक जर्नलची वेगळी असतात, तेव्हा लिहिण्याआधी तिथल्या सूचना पाहा.

खरी मेहनत मधल्या भागात आहे. ‘रुग्णावर योग्य उपचार करून प्रकृती सुधारली’ हे वाक्य कुठल्याही आजाराला चालेल, म्हणजे ते कोणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी (हा रुग्ण कल्पित आहे) असं लिहा: ‘8 वर्षांची, 20 किलो वजनाची मुलगी. 4 तासांपासून उलट्या, दरदरून घाम, धाप. ताप नाही. हातपाय गार, एक्स-रेत फुप्फुसात पाणी. प्राणवायू आणि प्राझोसिन 30 मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे 0.6 मिलिग्रॅम, तोंडाने, हातपाय गरम होईपर्यंत दर 3 तासांनी. 18 तासांनी प्राणवायू बंद.’ यातल्या ‘ताप नाही’ या दोन शब्दांनी न्यूमोनियाचं निदान डळमळतं. असे निदान फिरवणारे नकार ठेवा; बाकी नॉर्मल रिपोर्टांची यादी मुख्य लेखात जाऊ द्या. फॉलोअपला ‘नियमित’ म्हणू नका, आठवडे लिहा.

धड्यात हात आखडता घ्यावा. एका रुग्णावरून औषध ‘परिणामकारक’ ठरत नाही. ‘अचानक घाम व गार हातपाय असलेल्या, ताप नसलेल्या मुलात विंचूदंशाचा विचार करावा’ इथपर्यंतच जाता येतं. ‘जगातली पहिली केस’ हा दावाही टाळा. अशा आधीच्या केसेस कुठे, कोणते शब्द घालून शोधल्या ते मुख्य लेखात नोंदवा.

गावाचं नाव, दाखल झाल्याची तारीख, केसपेपर क्रमांक अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये नकोच. दुर्मीळ आजार आणि छोटं गाव एकत्र आलं की रुग्ण ओळखू येतो. रुग्णाची किंवा पालकांची लेखी संमती लेख पाठवण्यापूर्वीच हातात हवी.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी लिहा आणि परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्यावर पुन्हा उघडा. मजकुरातला डोस बदलतो, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधला जुनाच राहतो. छापील प्रत घेऊन प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून दोन्हीकडचा मजकूर ताडून पाहा.