बग्गीच्या सांगाड्यासाठी नळी निवडताना

दोन पावसाळ्यांपूर्वी मी आणि माझ्या मावसभावाने शेतातल्या व नदीकाठच्या कच्च्या वाटांवर चालवण्यासाठी एका आसनाची बग्गी, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्याची छोटी मोटारगाडी, बांधायला घेतली. तिचा पहिला सांगाडा आम्हाला अर्ध्यावर मोडून भंगारात घालावा लागला, आणि त्याला कारण आम्ही आणलेली नळी होती.

आराखड्यात बाहेरचा व्यास एक इंच धरलेला होता, म्हणून आम्ही दुकानात ‘एक इंची पाइप’ मागितला आणि आम्हाला पाण्याचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मिळाला. पाइप ज्या मापाने ओळखला जातो ते आतल्या पोकळीवरून ठरते आणि ट्यूबचे बाहेरच्या व्यासावरून, हा साधा फरक आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता. आयएस 1239 या भारतीय मानकाप्रमाणे बनलेल्या एक इंची मध्यम पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे 33.7 मिमी आणि भिंतीची जाडी 3.2 मिमी असते, त्यामुळे त्याचे वजन मीटरला जवळपास 2.4 किलो भरते. आमच्या सांगाड्याला साधारण 28 मीटर नळी लागणार होती. म्हणजे नुसता सांगाडाच 67 किलोंचा झाला असता. त्यात भर जस्ताच्या मुलाम्याची. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते, पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याचा पांढरा धूर श्वासातून आत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बंद शेडमध्ये वेल्डिंग केलेल्या त्या संध्याकाळनंतर मावसभाऊ रात्रभर हुडहुडला होता. मुलामा दिलेला पाइप सांगाड्यासाठी पुन्हा कधीही आणायचा नाही, हे आम्ही त्याच रात्री ठरवले.

दुसऱ्या खेपेस आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत स्वतः बांधलेल्या बग्ग्या उतरवतात, तिची नियमावली समोर ठेवली. चालकाभोवतीच्या मुख्य नळ्यांसाठी तिच्यात पायाभूत माप म्हणून 25.4 मिमी बाहेरचा व्यास, 3 मिमी भिंत आणि किमान 0.18 टक्के कार्बन असलेले पोलाद धरलेले आहे. दुसरे माप वापरायचे असेल, तर त्या नळीचा ताठपणा आणि वाकण्याविरुद्धची ताकद ही दोन्ही 1018 या जातीच्या साध्या कार्बन पोलादाच्या पायाभूत नळीपेक्षा कमी नाहीत हे गणिताने दाखवावे लागते. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला लावणे, हाच मला त्या नियमाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

ताठपणा जवळजवळ पूर्णपणे आकारावर अवलंबून असतो, कारण साधे पोलाद असो वा महागडे क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद), त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचे माप, सारखाच, सुमारे 205 गिगापास्कल असतो. 31.75 मिमी व्यासाची आणि 1.65 मिमी भिंतीची नळी घेतली, तर ती पायाभूत नळीपेक्षा सुमारे 31 टक्के अधिक ताठ होते, आणि तरीही तिचे वजन मीटरला 1.66 किलोंऐवजी 1.22 किलो भरते. व्यास वाढवल्याचा लाभ इतका मोठा असतो.

ताकदीच्या प्रश्नाला मात्र पोलादाची जात आडवी येते. हीच नळी 365 मेगापास्कल नतिबिंदूच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) पोलादाची असेल, तर ती सुमारे 407 न्यूटन-मीटर आघूर्ण (वाकवणारा जोर) सोसते आणि पायाभूत नळीच्या 387 न्यूटन-मीटरला मागे टाकते. पण ती 250 मेगापास्कलच्या साध्या एमएसची (सौम्य पोलादाची) असेल, तर तिची क्षमता 280च्या आसपास येऊन थांबते. व्यास व जाडी तीच असताना ती ताठपणात उत्तीर्ण आणि ताकदीत अनुत्तीर्ण ठरते, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे.

क्रोमोलीचा मोह आम्हालाही झाला होता. 4130 या क्रोमोली पोलादाची ताकद निर्विवाद आहे. परंतु ते हवेतच कडक होत जाते, त्यामुळे त्याचा सांधा वाऱ्याच्या झोताविना सावकाश निवू द्यावा लागतो आणि घाईने पाणी ओतल्यास तो ठिसूळ होतो. आता उघड्या शेडमध्ये मिग (वायूच्या आवरणात तारेने होणारे) वेल्डिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरीस चालकाभोवतीच्या पिंजऱ्यासाठी आम्ही प्रमाणपत्रासह सीमलेस (बिनशिवणीची) नळी घेतली, आणि बाकीच्या किरकोळ आधारांसाठी ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी गुंडाळून विजेने सांधलेली. ईआरडब्ल्यू नळीला लांबीभर वेल्डची शिवण असते. ती वळणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवली, तर तिच्यावर सर्वांत कमी ताण येतो. वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवली आणि त्या व्यासाची डाय (साचा) असलेल्या यंत्रावरच नळ्या वाकवून घेतल्या, कारण नळदुरुस्तीच्या हायड्रॉलिक बेंडरने पहिल्या सांगाड्यातली प्रत्येक वळणाची जागा चपटी केली होती.

भिंतीची जाडी तपासण्यासाठी आम्ही प्रत्येक नग काट्यावर ठेवला. सहा मीटरची 31.75 × 1.65 मापाची नळी सुमारे 7.3 किलो भरायला हवी, तर 1.2 मिमी भिंतीची साडेपाच किलोंच्याही आत राहते. आमच्या पहिल्या गठ्ठ्यातले दोन नग असे हलके निघाले, आणि ते आम्ही त्याच दिवशी परत नेऊन बदलून आणले.