नाळ एक, चार्ट दोन

परवा एक डिलिव्हरीचा चार्ट उघडला, त्यात नाळेबद्दल एवढी एकच ओळ. "टाइट न्यूकल कॉर्ड टाइम्स टू, क्लॅम्प्ड अँड कट ऑन पेरिनियम." म्हणजे बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे, तेही इतके घट्ट की डोक्यावरून सोडवता येईनात, म्हणून डोकं बाहेर आल्या आल्या तिथेच चिमटे लावून नाळ कापली. वाचणाऱ्याला वाटेल सगळंच तर लिहिलंय की. मला जो एक शब्द हवा होता तो मात्र नव्हता.

मी अमेरिकेतले चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना ठरावीक कोड लावते, आयसीडी-१०-सीएम या तिथल्या कोडच्या यादीतून, आणि गेली बरीच वर्षं माझ्याकडे बाळंतपणं आणि नवजात बाळंच येतात. नाळेचे प्रसूतीतले बहुतेक कोड ओ६९ या कॅटेगरीत बसतात. (तो पहिला ओ हे अक्षर आहे, शून्य नाही. नवीन कोडर पहिल्याच आठवड्यात तिथे शून्य टाइप करतो आणि एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) लाल झाला की सिस्टिम बंद पडली म्हणून ओरडतो.) नाळ गळ्याभोवती असेल तर तिथे दोन वाटा फुटतात, दाब असेल तर ओ६९.१, नसेल तर ओ६९.८१. पुस्तक विचारतं ते एवढंच, कॉम्प्रेशन होतं की नव्हतं. वेढे किती होते याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, एक असो की तीन, कोड तोच. आणि 'टाइट' हा डॉक्टरांचा शब्द, कोडच्या नावात तो नाहीच.

आता कुणी म्हणेल, अगं घट्ट म्हणजे दाब आलाच ना त्यात. माझ्याही मनात तेच येतं. पण माझ्या मनात काय येतं यावर कोड लागत नाही. बाळाच्या ठोक्यांची पट्टी चार्टला जोडलेली असते, त्यात ठोके खाली गेलेले मला दिसतातसुद्धा, तरी ती पट्टी वाचून निदान करणं हे कोडरचं काम नाही, प्रोव्हायडरने, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, लिहायला हवं. म्हणून क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. आणि क्वेरीतही "कॉम्प्रेशन होतं ना?" असं विचारायचं नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं, ऑडिटला पहिलं तेच पकडतात. नोंद काय आहे ते लिहायचं आणि पर्याय द्यायचे, कॉम्प्रेशनसह, कॉम्प्रेशनशिवाय, इतर, सांगता येत नाही. मग वाट बघायची.

सैल वेढा असला तर एवढी उठाठेव नसते. तो तसा सर्रास दिसतो, साधारण चार-पाच बाळंतपणांत एखाद्याला तरी असतोच, डॉक्टर बोटाने उचलून डोक्यावरून काढतात आणि पुढे जातात, बाळ रडतं, सगळे खूश. पण कोडिंगमध्ये तो सैल वेढासुद्धा त्रास देतो बघा. ओ८० म्हणजे सरळ, पूर्ण दिवसांचं, काहीही गुंतागुंत नसलेलं बाळंतपण, आणि त्याचा नियम असा की सध्याची गुंतागुंत सांगणारा ओ च्या प्रकरणातला दुसरा कुठलाही कोड लावलात की ओ८० गेला. म्हणजे ओ६९.८१एक्स० लिहिलं की ज्या बाईचं बाळंतपण तिच्या मते आणि डॉक्टरांच्या मते अगदी व्यवस्थित झालं ते कागदावर गुंतागुंतीचं होऊन बसतं! यावर आमच्या टीममध्ये जेवणाच्या सुट्टीत वाद झालेत. माझं मत विचाराल तर डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग कोड लावायचा, ओ८० वाचवायला नोंद गाळायची नाही.

त्या शेपटीतल्या एक्स आणि शून्याचं पण सांगते. सातवं अक्षर कुठल्या गर्भाबद्दल बोलतोय ते सांगतं. एकच बाळ असेल तर शून्य, जुळं असेल तर पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि मधल्या रिकाम्या जागा एक्सने भरायच्या, म्हणून ओ६९.१ ला दोन एक्स लागतात आणि ओ६९.८१ ला एकच. एकाच पिशवीतल्या जुळ्यांच्या नाळा एकमेकींत अडकल्या तर हे सातवं अक्षर फार जपून बघावं लागतं, शिवाय जुळ्यांचा ओ३० वेगळा.

आता माझी स्वतःची फजिती. नवीन असताना आईच्या चार्टला ओ६९.८१एक्स० लावला, बरोबर लावला, आणि मग त्याच बाळाचा चार्ट समोर आला तर तिथेही तोच चिकटवला. मनात हिशोब असा की नाळ तर बाळाच्याच गळ्यात होती, मग बाळाला नको? दुसऱ्या दिवशी लीडने बोलावलं, काही बोलली नाही, नुसतं पुस्तक उघडून पंधराव्या प्रकरणाच्या वरची टीप दाखवली. ओ चे कोड फक्त आईच्या रेकॉर्डवर, बाळाच्या रेकॉर्डवर कधीच नाही. आणि सोळावं प्रकरण, पी चे कोड, ते बाळाचे, आईच्या रेकॉर्डवर कधीच नाहीत. त्या दिवसापासून चार्ट उघडला की आधी पेशंट कोण ते बघते, नाळ नंतर.

मग बाळाला काय लावायचं? नाळ निसटून आधी खाली आली आणि त्याचा बाळाला त्रास झाला तर पी०२.४. नाळ दाबली गेल्याने त्रास झाला तर पी०२.५, आणि गंमत अशी की इथे 'टाइटली' हा शब्द आहे, पण कंसात, म्हणजे असला काय नसला काय कोड बदलत नाही. पण मुळात त्रास झाला किंवा होऊ शकेल असं बाळाच्या डॉक्टरांनी नाळेशी जोडून लिहिलेलं हवं. आईच्या चार्टमध्ये वेढा होता म्हणून धडधाकट बाळाला पी०२.५ चिकटवणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ती करणारे बहुतेक हुशार असतात, दोन्ही चार्ट वाचलेले असतात म्हणूनच करतात.

काही गोष्टी मात्र नाळेच्या असून ओ६९ मध्ये सापडतच नाहीत. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते, एक रोहिणी कमी असेल तर सिंगल अंबिलिकल आर्टरी, आणि त्याचा बाळाचा कोड क्यू२७.०, जन्मजात रक्तवाहिन्यांच्या दोषांत. तो पी०२.६ मध्ये, बाळाच्या नाळेच्या इतर कोडांत, शोधायला गेलात तर तिथे एक्सक्लूड्स लिहिलेलं आहे, इकडे नाही तिकडे जा. नाळ वारेच्या मध्यभागी न जोडता पडद्यात जोडलेली असेल, व्हेलामेंटस इन्सर्शन, तर ते ओ४३.१२ मध्ये, वारेच्या दोषांत, आणि तिथे शेवटचा आकडा गर्भाचा नाही, तिमाहीचा. तिसरी तिमाही म्हणजे ओ४३.१२३. आणि त्याच पडद्यातल्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून गेल्या तर व्हासा प्रिव्हिया, तो परत ओ६९.४ मध्ये. एकाच बाईला दोन्ही असू शकतात, आणि एकाला तिमाही तर दुसऱ्याला गर्भाचा नंबर. ही मांडणी ज्याने केली त्याला कधीतरी भेटायचंय मला.

गाठीचंही जपून बघावं लागतं. नाळेला पडलेली खरी गाठ वेगळी आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये येणारी 'फॉल्स नॉट' वेगळी, ती गाठ नसतेच, रक्तवाहिनीचं वेटोळं किंवा जेलीचा फुगवटा असतो. नॉट हा शब्द दिसला की एन्कोडरमध्ये टाइप करणाऱ्यांनी त्याच्या आधीचा शब्द वाचावा एवढीच विनंती.

नाळ पडायच्या आधीचं आणि पडल्यानंतरचं बेंबीचं प्रकरण मुलांच्या डॉक्टरांकडून येतं. बेंबीला जंतुसंसर्ग पी३८, त्यातही थोडं रक्त असेल तर .१, नसेल तर .९. रक्तस्राव पी५१. नाळ लवकर पडतच नाही तर पी९६.८२. आणि तो ओला लालसर कोंब, ग्रॅन्युलोमा, ज्याला सिल्व्हर नायट्रेट लावतात, त्याला ऑक्टोबर २०१७ पासून स्वतःचा पी८३.८१ मिळाला.

तर त्या परवाच्या चार्टची क्वेरी काल संध्याकाळी परत आली. "कॉम्प्रेशनसह" वर खूण, खाली सही. आईला ओ६९.१एक्सएक्स०. बाळाचा चार्ट उघडला, अपगार (जन्मल्या जन्मल्या बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण) ८ आणि ९, तपासणी नॉर्मल, नाळेबद्दल बाळाच्या डॉक्टरांचा एक शब्द नाही. झेड३८.००, म्हणजे नुसतं योनीमार्गे जन्मलेलं एक जिवंत बाळ, लावला आणि बंद केला.