एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर

वेब अ‍ॅप्लिकेशनमधले रिपोर्ट बनवणं हे माझं काम. त्यातला एक्स्पोर्टचा, म्हणजे रिपोर्टमधला डेटा फाइलीत उतरवून देण्याचा भाग बहुतेक जण शेवटी घाईघाईत उरकतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते. स्क्रीनवरचा रिपोर्ट लोक बघून सोडून देतात. शीटमध्ये उतरवलेल्या डेटावर मात्र पुढचे हिशेब होतात. तिथे एखादं शून्य गळालं तर कुणाला पत्ताही लागत नाही.

शून्य गळतं कसं? एक्स्पोर्ट सीएसव्ही फाइलीत केलं, तर तिच्यात नुसता मजकूर आणि स्वल्पविराम असतात. कुठला कॉलम आकड्यांचा, कुठला तारखांचा, हे त्यात लिहिलेलंच नसतं. मग फाइल उघडताना एक्सेल आपल्या मनाने अंदाज बांधतं. ००४५७ या कोडचं ४५७ होतं. आकड्यातले पहिले १५ अंकच ते जपतं, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, ते त्या त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या जनुकांच्या तर शीटमध्ये तारखा व्हायच्या. शेवटी त्यांची नावंच ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी बदलली. जनुकांना नावं देणाऱ्या समितीच्या २०२० च्या नियमावलीत त्याचा उल्लेख आहे. सॉफ्टवेअरपायी संशोधकांना नावं बदलावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी शक्यतो सरळ एक्सेलची स्वतःची एक्सएलएसएक्स फाइलच देते. कोड आणि फोन नंबर टेक्स्ट म्हणून, तारीख खरी तारीख म्हणून, रक्कम निव्वळ आकडा म्हणून. चलनाचं चिन्ह सेलच्या फॉरमॅटमध्ये द्यायचं. आकड्याला चिकटवलं तर बेरीज होत नाही. कुणी सीएसव्हीच मागितली तर ती यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे ही पद्धत ओळखू देणाऱ्या खुणेचे तीन बाइट घालून. ते नसले की डबल क्लिक करून उघडलेल्या फाइलीत देवनागरी नावांचा पार चुराडा झालेला दिसतो.

रिपोर्टचा देखावा शीटमध्ये आणू नये, या मतावर मी ठाम आहे. मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल, मधेमधे उपबेरजा, वर दोन मजली शीर्षक असलं की पिव्होट टेबल, म्हणजे डेटाचा गटवार गोषवारा करणाऱ्याला आधी सगळं साफ करत बसावं लागतं. शीर्षकाची एकच ओळ, खाली सलग डेटा. कुठले फिल्टर लावले होते, डेटा कधी काढला, वेळ कुठल्या टाइमझोनची, हे दुसऱ्या शीटवर.

आणि ओळी पूर्ण हव्यात. स्क्रीनवर एका पानाच्या ५० ओळी दिसत असल्या, तरी फाइलीत फिल्टरमध्ये बसणाऱ्या सगळ्या यायला हव्यात. एक्सएलएसएक्सच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच जुन्या फॉरमॅटच्या मर्यादेमुळे कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. फाइल गपचूप कापली जाणं मला कधीच चालणार नाही. त्यामुळे फाइल तयार झाली की तिच्यातल्या ओळी आणि क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या मागणीने) दिलेल्या ओळी मी कोडमध्येच ताडून बघते. संख्या जुळली नाही, तर डाउनलोड थांबतं आणि किती ओळी कमी पडल्या ते स्क्रीनवर दिसतं.