मायनस साडेसहा

सकाळी उठल्यावर माझा हात आधी चष्मा शोधतो, मोबाईल नंतर, कारण चष्म्याशिवाय मोबाईलही सापडत नाही. उजवा मायनस साडेसहा, डावा मायनस सहा, वर दोन्हीकडे चिमूटभर सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेपुरता नंबर. पाचवीत पहिला चष्मा लागला तेव्हा वर्गात ‘बॅटरी’ नाव पडलं होतं. आता अडतीस पूर्ण झाली आणि गेली तीन वर्षं घरात एकच विषय चाललाय, नंबर घालवायचं लेझर करू की नको. चाललाय म्हणजे काय, तर दर पावसाळ्यात करायचं ठरतं आणि दर दिवाळीपर्यंत बारगळतं.

पावसाळ्यातच का ते चष्मेवाल्यांना सांगायला नको. एसी लोकलमधून भांडुपला उतरलं की दोन्ही काचांवर वाफ धरते, एका हातात छत्री, दुसऱ्यात पोर्टफोलिओ, पुसायला तिसरा हात नाही, आणि मागून ‘ओ मॅडम चला ना पुढे’. मी अंदाजाने पायऱ्या चढते आणि मनात म्हणते की बास, ह्या वर्षी करूनच टाकायचं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरून झाल्यात. सॉफ्ट पेस्टलने काम करताना ती बारीक धूळ लेन्सखाली गेली की काय होतं हे ज्याच्या डोळ्यात गेलंय त्यालाच माहीत.

मी चित्रं काढते. मुलांच्या पुस्तकांची, जूनपासून दिवाळी अंकांची, आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी वॉटरकलर. इथेच सगळा घोळ आहे. बँकेत असते तर एव्हाना ऑपरेशन करून मोकळी झाले असते असं मला खरंच वाटतं.

जवळचं बारीक काम मी चष्मा काढून करते. हे लहानपणापासून. मायनस साडेसहावाल्या माणसाला पंधरा सेंटीमीटरपलीकडचं सगळं पुसट होत जातं, पण त्या पंधरा सेंटीमीटरवर जे दिसतं ते असं दिसतं की काय सांगू. कागदाचा दाणा, त्यात अडकलेला रंगाचा कण, ब्रशचा एक केस. चांगल्या नजरेची माणसं ज्यासाठी भिंग घेतात ते मला चष्मा कपाळावर ढकलला की फुकटात मिळतं. उंदराच्या मिश्या, मुलीच्या फ्रॉकवरचे टिपके, कंदिलाची नक्षी, हे सगळं मी नाक कागदाला टेकवून केलंय. माझी सगळी कमाई ह्या वीतभर अंतरातली, वीतही पूर्ण भरत नाही खरं तर.

तर मागच्या वर्षी जूनमधे एकदाची तपासणीला गेले. दादरला. त्याआधी आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते, त्यात कळलं की ह्या प्रकाराच्या मुळाशी मद्रासमधे जन्मलेला एक केमिस्ट आहे, रंगस्वामी श्रीनिवासन. 1981 साली आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या लॅबमधे ते आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर लेझरवर काम करत होते, प्लास्टिकवर अगदी बारीक कोरीवकाम करणारा हा लेझर, तर श्रीनिवासनना वाटलं की जिवंत गोष्टीवर हा कसा चालेल आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की त्यांनी लॅबमधे नेली. छेद इतका स्वच्छ आला की आजूबाजूला जळल्याची खूण नाही. 2013 मधे ओबामांच्या हातून तिघांना पदक मिळालं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, शिळ्या कोंबडीवर करून बघितलेलं तू डोळ्यावर करणार?

तपासणी मात्र मला भलतीच आवडली. एका मशीनमधे हनुवटी टेकवून बसायचं, समोर एकात एक उजेडाची वर्तुळं, ती बुबुळावर कशी पडतात त्यावरून कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकार कळतो. मग कागदावर प्रिंट आली, हिरवा, पिवळा, मधे केशरी, डोंगराचा नकाशा असतो ना तसा. मी विचारलं, हे घरी नेऊ का? टेक्निशियन म्हणाला, फाईलमधे राहतं मॅडम. मी फोटो काढून घेतला.

डॉक्टर बोलायला चांगले निघाले. त्यांनी समजावलं की कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खालचा भाग लेझरने हवा तेवढा झिजवतात, पान परत मिटतात. दोन्ही डोळे मिळून अर्धा तासही लागत नाही. उजव्या कॉर्नियाची जाडी 532 मायक्रॉन, त्यातले माझ्या नंबरासाठी 90 च्या आसपास जाणार. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माझ्या डोक्यात काही उतरेना, म्हणून घरी येऊन कागदांशी ताडून पाहिलं. 300 जीएसएमचा वॉटरकलर पेपर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे माझा कॉर्निया जवळपास तेवढा, आणि त्यातून जाणार झेरॉक्सच्या कागदाएवढी जाडी. वॉटरकलरमधे हायलाइट राहिला तर ब्लेडने कागद खरवडून पांढरं काढतात, मीही काढते. पण एकदा खरवडलं की तिथे परत पातळ रंगाचा वॉश नीट बसत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

मग डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? सांगितलं तर खुर्ची मागे ढकलून माझ्याकडे बघत बसले. त्यांच्या गळ्यात दोरीला चष्मा लटकत होता. म्हणाले, मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी केलंय, लांबचं आजही झकास दिसतं, आणि ही माझी चाळिशी. मराठीत त्या चष्म्याचं नावच वयावरून पडलंय, ती काही कुणाला चुकत नाही. डोळ्यातली लेन्स वयाप्रमाणे ताठर होत जाते, लेझर करा नाहीतर करू नका. फक्त मायनसवाल्याला चष्मा काढून जवळचं वाचता येतं, ती सोय ऑपरेशननंतर जाते. ‘तुम्हाला अजून चार-पाच वर्षं मिळतील, मग चित्र काढायला चष्मा.’

म्हणजे बघा, आत्ता मी लांबचं बघायला चष्मा लावते आणि चित्र काढायला काढून ठेवते. नंतर लांबचं विनाचष्मा दिसेल आणि चित्राला लावावा लागेल, आणि तोही वयाबरोबर वाढत जाणार.

हे ऐकून कळलं, पण पटलं परतीच्या लोकलमधे. पडद्याची तपासणी करायला त्यांनी डोळ्यात थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या करणारे. त्याने जवळचं फोकस करायची डोळ्याची ताकद काही तास सुन्न होते. बाहेर आले तर दुपारचं दादर नुसतं पेटलेलं. फुलमार्केटच्या बाजूने गेले, झेंडूचे ढीग असे की बघवेना, टॅक्सीच्या टपावरून उजेड टोचत होता. गाडीत बसले, चष्मा लावलेला होता, समोरच्या बाईच्या डोक्यावरची जाहिरात स्वच्छ दिसत होती. फोन काढला तर एक अक्षर लागेना. लांब धरला, अजून लांब धरला, हात संपला. माझे बाबा पेपर वाचताना करायचे तस्साच. आणि मग सवयीने चष्मा कपाळावर ढकलला, फोन नाकाशी आणला आणि सगळं परत आलं, नवऱ्याचा मेसेजसुद्धा, ‘कोथिंबीर आण’. शीव ते भांडुप मी हाच खेळ खेळत बसले, चष्मा वर, चष्मा खाली. शेजारची मुलगी जरा सरकून बसली.

दुसरी गोष्ट सांगायला जरा विचित्र आहे. मला पुसट दिसायला आवडतं. जेजेत फर्स्ट इयरला आमचे एक सर होते, पोर्ट्रेटच्या वर्गात मागून यायचे आणि म्हणायचे, डोळे बारीक कर, नाक-डोळे काढू नको, सावली काढ. बाकीची मुलं डोळे किलकिले करून करून दमायची आणि मी सरळ चष्मा काढायचे. मॉडेलचं नाक, भुवया सगळं गायब, राहायचे उजेड-सावलीचे तीन-चार ठोकळे. सरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ही चीटिंग आहे. अजूनही टोन जमत नसला की मी चष्मा काढून चित्रापासून चार पावलं लांब जाते. आणि रात्री मरीन ड्राइव्हला चष्मा काढून बघितलंय का कुणी? क्वीन्स नेकलेसचा एकेक दिवा थाळीएवढा होतो, थाळ्या एकमेकींवर चढतात, सिग्नल बदलला की रस्ताभर लाल ओघळ हिरवा होतो. चांगल्या नजरेच्या माणसाला हे दाखवता येत नाही, मी नवऱ्याला माझा चष्मा घालून बघ म्हटलं तर त्याला चक्कर आली.

ऑपरेशननंतर रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात, किरण फुटलेले दिसू शकतात, मंद उजेडात जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखणं थोडं कमी होऊ शकतं. बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं थोडं राहतं. शिवाय कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात म्हणून डोळे कोरडे, महिनोन्‌महिने थेंब. हे सगळं डॉक्टरांनी न लपवता सांगितलं. पण माझं पुसट दिसणं मी हवं तेव्हा नाकावरून उतरवते, हवं तेव्हा चढवते. ती कडी राहिली तर उतरवून ठेवायची कुठे? गडद निळा आणि काळा ह्यांच्यामधलं जे असतं त्यावर मी दिवस दिवस घालवते, तेच जरा कमी झालं तर बाकी कुणाला कळणारही नाही आणि मला मात्र रोज कळेल.

भीती आहेच, नाही कशाला म्हणू. बिनोदबिहारी मुखर्जींची नजर जन्मापासून अधू, तरी शांतिनिकेतनच्या भिंती रंगवल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होती तीही गेली. त्यानंतरही ते कागद कापून, चिकटवून चित्रं करत राहिले. ते ऑपरेशन वेगळं, काळ वेगळा, कळतं मला. पण रात्री दोनला हेच आठवतं.

नणदेच्या नवऱ्याचं म्हणणं, एल ग्रेकोने माणसं लांबोडकी काढली कारण त्याला सिलिंडर होता, तुझा नंबर गेला तर तुझी स्टाईल पण जाईल. ही गोष्ट लोकांना फार आवडते पण ती टिकत नाही, कारण ज्या डोळ्यांनी तो माणसाला बघत होता त्याच डोळ्यांनी कॅनव्हासलाही बघत होता, दोन्हीकडे सारखीच ओढ, फिट्टंफाट. मी हे त्यांना पुरणपोळी खाता खाता पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, पण स्टाईल जाईलच.

चष्म्याची बाजू घेते असं वाटायला नको, जाड मायनसच्या काचेतून जग जरा लहानच दिसतं, आणि कडेने बघितलं तर पांढऱ्या कागदाच्या काठावर निळी-नारिंगी किनार येते जी तिथे नसतेच. एका गॅलरीत पाच मिनिटं एका चित्राच्या किनारीचं कौतुक केलं आणि मान वळवली तर किनार गायब.

आईचं मत मात्र हल्ली बदललंय, कारण मागच्या डिसेंबरात तिच्या दोन्ही मोतीबिंदूंचं झालं. पट्टी निघाल्यावर घरी आली, हॉलमधे बारा वर्षं लावलेलं माझं बाणगंगेचं चित्र आहे त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, अगं, एवढं निळं होतं हे? मोतीबिंदू पिवळट असतो, निळा गाळून टाकतो. चित्रकार मोनेचंही तेच झालं होतं, 1923 मधे एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याला रंग भलतेच निळे दिसायला लागले आणि तो वैतागला. आई वैतागली नाही. बारा वर्षं मी हे मळकट समजत होते, कशाला बोलायचं म्हणून गप्प बसले, असं म्हणाली. हेही सांगितलंन की तिचा लांबचा नंबर त्याच ऑपरेशनमधे गेला, आत नवी लेन्स नंबर बघूनच बसवतात, तर तू थांब की वीस-पंचवीस वर्षं, तुझाही आपोआप जाईल.

डॉक्टरांनी एक मधला मार्गही सुचवला होता, एका डोळ्यात थोडा मायनस मुद्दाम ठेवायचा, एक डोळा लांबच्याला, एक जवळच्याला, आणि आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून दोन आठवडे बघायचं जमतंय का. मी बघितलं. रस्त्यावर ठीक. पण ब्रश कागदाला टेकण्याआधीचा जो केसभर अंदाज असतो तो चुकायला लागला, टेकतोय म्हणता म्हणता ठिपका पडलेला. चौथ्या दिवशी एका कावळ्याला तीन डोळे झाले, मग लेन्स डबीत.

काल क्लिनिकमधून फोन आला. मॅडम, रिपोर्ट जुने झालेत, परत टेस्ट करावी लागेल, डेट देऊ का? मी म्हटलं, दिवाळी अंक संपू देत. पलीकडची मुलगी हसली, मागच्या वर्षी पण हेच म्हणाला होतात. हो म्हटलं, मागच्या वर्षी पण अंक होते. बाहेर पाऊस धरलेला, संध्याकाळी दादरला जायचंय, म्हणजे परत वाफ, परत पायऱ्या, ‘ओ मॅडम’. फोन ठेवला, चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकले. उंदराची डावीकडची मिशी राहिली होती.