घर कुणालाच नको होतं: ऑस्बोर्न हाउसची एक दिवसाची वारी

काउज दोन आहेत. तिकीट काढण्याआधी एवढं लक्षात ठेवा, म्हणजे आमची झाली तशी वरात तुमची होणार नाही. आइल ऑफ वाइट बेटावर मेदिना नावाची नदी आहे. तिच्या पश्चिमेला नुसतं काउज आणि पूर्वेला ईस्ट काउज. राणी व्हिक्टोरियाचं ऑस्बोर्न हाउस आहे ईस्ट काउजला. मी मात्र लवकर पोचायचं म्हणून साउथॅम्प्टनहून ‘रेड जेट’ची, म्हणजे जलद बोटीची तिकिटं काढली. ती अर्ध्या तासाच्या आत पोचवते खरी, पण पलीकडच्या काठावर. गाड्या नेणारी मोठी फेरी तासभर घेते, पण थेट ईस्ट काउजला लागते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर मुकाट्याने मोठी घ्या. वर बसून चहा पिता येतो, स्वच्छतागृह आहे, आणि साउथॅम्प्टनच्या धक्क्यावरची अजस्र जहाजं निवांत बघता येतात.

आम्ही मग नदी ओलांडली ती साखळीवर स्वतःला ओढत जाणाऱ्या तराफ्यासारख्या फेरीने. बाबा खूश. “दाभोळ-धोपाव्याला आपण गाडी चढवतो तसंच की हे,” म्हणाले. पुढे चढ आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा, नाहीतर ४ किंवा ५ नंबरची बस दारात सोडते. आम्ही रेडिंगला राहतो, तिथून साउथॅम्प्टनला थेट गाडी आहे. लंडनहून यायचं तर वॉटर्लूहून सव्वा-दीड तास. एकूण दिवस मोठा होतो, सकाळी सातला घर सोडा.

जायचं ठरलं ते आईमुळे. तिने राणीचा हिंदुस्थानी नोकर आणि पुढे तिचा उर्दूचा शिक्षक झालेल्या मुन्शी अब्दुल करीमबद्दल कुठेतरी वाचलं होतं आणि त्याचं चित्र तिला बघायचं होतं. बाबांना राजेरजवाडे या विषयात रस शून्य. त्यांनी दारातच विचारलं, “राणी गेल्यावर घर कुणी घेतलं?”

प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. राजापूरजवळचं आमचं घर गेली सहा वर्षं बंद आहे. एके काळी पडवीत बालवाडी भरायची, नंतर एका खोलीत सोसायटीचं खत ठेवायचे. आता कुलूप. भाऊबंदांच्या बैठका होतात आणि चहा पिऊन संपतात.

तर उत्तर असं, की घर कुणालाच नको होतं. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ही जागा विकत घेतली, जुनं घर पाडून लंडनचा बांधकामवाला थॉमस क्युबिट याच्याकडून इटालियन धाटणीचं नवं बांधून घेतलं. समोरचा समुद्र बघून अल्बर्टला म्हणे नेपल्सचा उपसागर आठवायचा. (आम्ही गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आम्हाला फक्त राखाडी रंग आठवला.) अल्बर्ट १८६१ मध्ये गेला, राणी पुढे चाळीस वर्षं इथे येत राहिली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी याच घरात वारली. घर कुटुंबातच राहावं अशी तिची इच्छा होती. पण थोरल्या मुलाचा, सातव्या एडवर्डचा, जीव सँडरिंगहॅम या त्याच्या स्वतःच्या घरात, बाकीच्यांनाही या पसाऱ्याची हौस नव्हती. शेवटी ९ ऑगस्ट १९०२ला, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, एडवर्डने ते राष्ट्राला देऊन टाकलं. बाबा हसले. “म्हणजे ट्रस्ट करून मोकळे झाले.”

आता इथून पुढचं मला जास्त आवडलं, आणि माझी तक्रारही इथेच आहे. घर आत असं मांडलंय की जणू राणी आत्ता बागेत फेरी मारायला गेलीय. १९०१च्या पुढचं जवळजवळ शतकभर पुसून काढल्यासारखं. आणि त्याच शतकात तिथे काय काय चाललं होतं! १९०३ ते १९२१ तबेल्यांच्या आवारात आरमाराची शाळा होती. बारा-तेरा वर्षांची पोरं दोन वर्षं इथे शिकायची आणि मग डार्टमथच्या मोठ्या आरमारी शाळेत जायची. पुढे राजे झालेले आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज दोघेही इथे कॅडेट होते. १९१३ मध्ये लुई माउंटबॅटन दाखल झाला. हिंदुस्थानच्या पहिल्या सम्राज्ञीच्या तबेल्यात हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय कवायत करत होता. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने त्या विटांच्या भिंतीचा फोटो काढला. घराचा नाही, तबेल्याचा.

याच शाळेतलं जॉर्ज आर्चर-शी नावाच्या पोराचं प्रकरण इंग्लंडभर गाजलं होतं. १९०८ मध्ये त्याच्यावर पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ आला आणि त्याला काढून टाकलं. बाप बँकेतला माणूस, हट्टाला पेटला. एडवर्ड कार्सनसारखा नामांकित वकील उभा राहिला, १९१० मध्ये आरमाराने मुलगा निर्दोष असल्याचं मान्य केलं आणि पुढच्या वर्षी भरपाई आणि खर्चापोटी ७,१२० पौंड दिले. पाच शिलिंगांसाठी. तो मुलगा १९१४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला.

शाळेच्या खुणा हव्या असतील तर तिकीट काढता ती इमारत नीट बघा. तो आरमाराच्या ‘पेटी ऑफिसरां’चा, म्हणजे खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांचा निवास होता. लोक तिथल्या दुकानातून कप आणि टॉवेल घेऊन निघून जातात, वर मान करत नाहीत.

दुसरीकडे घराच्याच एका भागात १९०४ पासून आजारी, जखमी अधिकाऱ्यांसाठी विश्रांतिगृह होतं. दोन्ही महायुद्धांतली माणसं इथे बरी होत होती. ते बंद झालं २००० साली! म्हणजे मी दहावीत असेपर्यंत या घरात कुणीतरी गोळ्या घेऊन दुपारी झोपत होतं. आणि वरच्या मजल्यावर राणी वारली ती खोली मात्र १९५४ पर्यंत बंद होती, फक्त कुटुंबासाठी. खाली खोकला, वर देवघर.

आता आतलं. रांगेत चालावं लागतं, मागे फिरता येत नाही, म्हणून आधीच ठरवा कुठे थांबायचं. राणीच्या बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी दोन मेजं आहेत, नवरा-बायकोची. ती छान आहेत. पण तिच्या मुलांच्या हातापायांची संगमरवरी शिल्पं काचेखाली ठेवलीत ती बघून आई “बाई गं!” म्हणून दोन पावलं मागे सरली. जेवणघरात जमिनीवर पितळी पट्टी आहे, तिथे राणीची शवपेटी ठेवली होती. लोक तिच्यावरून चालत जातात. आम्हीही गेलो, मग कळलं.

दरबार रूम सगळ्यांत गर्दीची. १८९०च्या सुमारास लाहोरच्या मेयो कलाशाळेतले भाई राम सिंग यांनी ती सजवली, देखरेख त्या शाळेचे प्रमुख लॉकवुड किपलिंग यांची. छत, भिंती, कमानी सगळं पांढरं, आणि इतकं कोरलेलं की डोळ्याला कुठे टेकायला जागा नाही. चुलाण्यावर पिसारा फुलवलेला मोर आहे. दगड वाटतो, लाकूड वाटतं, पण आहे प्लास्टर आणि कागदाचा लगदा. बाबा मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “अरे, हे मखर आहे!” गिरगावातल्या मंडळात ज्याने उमेदीची वर्षं घालवली त्याची ही पावती समजा. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या बाईने स्वतःसाठी हिंदुस्थानचं मखर बांधून घेतलं आणि त्यात बसून मेजवान्या दिल्या. संस्थानिकांनी आणि इतरांनी राणीच्या राज्यारोहणाच्या ज्युबिलीला पाठवलेल्या मानपत्रांच्या पेट्याही तिथेच आहेत. कलाकुसर पाहण्यासारखी, मजकूर न वाचलेला बरा.

पण वेळ राखून ठेवायचा तो बाहेरच्या दरबार कॉरिडॉरसाठी. रुडॉल्फ स्वोबोडा नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराला राणीने हिंदुस्थानात पाठवून सामान्य माणसांची लहान लहान चित्रं काढून आणायला लावली. मुन्शी तिथे आहे, शालीनपणे. आईचं समाधान झालं. मला मात्र बक्षीराम सोडवेना. आग्र्याचा कुंभार, १८८६च्या लंडनच्या प्रदर्शनात चाकावर बसवलेला, वय १०२ सांगितलेलं. कपाळावर सुरकुत्या, पांढरी दाढी, चित्र दोन वितींचंसुद्धा नाही. प्रदर्शनात ‘कारागीर’ म्हणून आणलेली ही माणसं आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होती. तिथे उभं राहून हे आठवलं की चित्रातली नजर बदलते. लोक दरबार रूमकडे धावतात आणि या भिंतीला खांदा घासून निघून जातात. सकाळी दार उघडताच आत शिरा, आणि रांग इथे आली की थांबा.

जेवण: उपाहारगृहात शाकाहारी मिळतं, पण भाव तिथलाच. बागेत डबा खायला हरकत नाही. आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याची भाजी नेली होती. समुद्राकडच्या उतारावर बसून खाल्ली, अल्बर्टच्या नेपल्सकडे तोंड करून. चटणीचा वास वाऱ्याने कुठवर गेला माहीत नाही. तसंही राणीच्या स्वयंपाकघरात हिंदी नोकर रोज करी शिजवत होते, घराला सवय असणार.

दुपारी स्विस कॉटेज आणि समुद्रकिनारा. घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटं, जाताना उतार आणि येताना अर्थातच चढ. हंगामात छोटी बस सोडतात, पण ती त्या दिवशी आहे का ते तिकीट घेतानाच विचारा. राजघराण्यातल्या नऊ मुलांना प्रत्येकी बागेचा वाफा होता. पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचा. एका छपराखाली त्यांच्या चिमुकल्या हातगाड्या ठेवल्यात, प्रत्येकीवर नावाची आद्याक्षरं. आई तिथून हलायला तयार नव्हती.

किनाऱ्यावर राणीचं ‘स्नानयंत्र’ आहे. लाकडी खोली, खाली चाकं. राणीला आत बसवून उतरणीवरून पाण्यात सोडायचे, म्हणजे अंघोळीला जाताना कुणाच्या दृष्टीस पडायला नको. ती वारल्यावर या खोलीत कोंबड्या ठेवत होते. पुढे दुरुस्त करून मांडली. संबंध ऑस्बोर्नमध्ये एकाच वस्तूने आपला सगळा इतिहास लपवलेला नाही, ती ही.

आणखी थोडं. जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ‘काउज वीक’ ही शिडाच्या बोटींची शर्यत असते, तेव्हा फेऱ्या आणि हॉटेलं दोन्ही महाग. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी होतात, संकेतस्थळ बघूनच निघा. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा, म्हणजे ऑस्बोर्न आणि अशा इतर ऐतिहासिक जागा सांभाळणाऱ्या संस्थेचा, ठरावीक दिवसांचा पास मिळतो. दोन-तीन जागा बघणार असाल तर परवडतो, एकटं ऑस्बोर्न बघणार असाल तर हिशेब करा. वेळ उरला तर जवळच व्हिपिंगहॅमचं चर्च आहे, माउंटबॅटनचे आईवडील तिथे पुरलेत. आमचा वेळ उरला नाही. परतीची बोट कोणत्या काठावरून आहे ते सकाळीच दोनदा बघून ठेवा.

आम्ही दोनदा बघितलं होतं, तरी धावलो. बोटीवर बसल्यावर बाबांनी शिरीषकाकाला फोन लावला. मला वाटलं राणीच्या गोष्टी सांगतील. ते म्हणाले, “पावसाआधी पडवीची कौलं चाळून घे. आणि त्या शाळेच्या बाईंना विचार, बालवाडीला जागा अजून हवीय का.”